रंगकोठीच्या जाबदाराने पाणी गोड म्हटले, त्याची बखर

श्री. ज्याने केले तो लोडाशी टेकलेला आणि ज्याने मान डोलाविली तो चव्हाट्यावर उभा, ऐसी रीत ज्या न्यायदेवतेच्या दरबारी चालते, तिचे चरणी मस्तक ठेवून, आणि तिने एकवार तरी मान वळवून मागे पाहावे इतुके मागून, ही हकिकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी राज्यात जबाबदारीचा कायदा जाहीर जाहला. राज्याचे नाव लिहीत नाही; लिहिले तर राज्य रागावेल, न लिहिले तर वाचणारा आपापले समजून घेईल. तर मूळ कारण ऐसे की, दर्यापारच्या मुलखांत जबाबदारीची हवा सुटली. तेथील लोक आमचे राज्यातील निळे कापड अंगावर घालून आरशापुढे उभे राहिले, आणि कोणाच्या मनात आले की, हे रंगविताना कोणाचे काय बिघडले असेल? मग त्यांस रुखरुख लागली, आणि त्यांनी आपले राजांस अर्ज केला, आणि त्या राजांनी आमचे महाराजांस खलिता धाडिला की, तुमचे कारखानदार जे करितात त्याचा जाब देणारा कोणी असेल तर माल घेऊ, नसेल तर तुमचा माल तुम्हांस लखलाभ. खलिता ऐकून महाराज चिंतेत पडले. महाराज मनाचे थोर, न्यायाचे मोठे शौकीन. परंतु भोजन जाहल्यावर त्यांस फार वेळ चिंता करवत नसे. सबब तिसरे प्रहरीच कायदा जाहला तो ऐसा: प्रत्येक कोठीने एक जाबदार नेमावा, आणि कोठीकडून जे वाईट घडेल त्याचा जाब त्याने द्यावा, आणि नदीकाठच्या कोठीचे जाबदाराने दर दसऱ्यास कोठीखालच्या घाटावर नदीचे पाणी भर लोकांत प्यावे, आणि गोड की कडू ते बोलावे. गोड म्हटल्यास कोठी चालावी. कडू म्हटल्यास त्याच घटकेस कोठीस कुलूप पडावे. दवंडी फिरली आणि लोकांनी गुढ्या उभारल्याच होत्या, त्या कायद्यासाठीच उभारल्या ऐसे समजून आनंद केला.

त्या राज्यात सर्वांत मोठी कोठी रंगकोठी, तिचे मालक अंतोबाशेट. कोठीत कापडास निळा रंग चढे आणि उरलेले रंगाचे पाणी मोरीवाटे नदीत जाई. मोरीच्या वर नदी आरशासारखी, मोरीच्या खाली नदी शाईसारखी, ऐसे बहुत वर्षे चालिले होते. कायदा ऐकताच अंतोबाशेटांचे तोंडचे पाणी पळाले, आणि त्यांनी ताटावरून उठून कोठीचे कारभारी रुद्राजीपंत यांस बोलाविले. रुद्राजीपंत म्हणजे कायद्याचा कीडा. त्यांनी कायदा उजेडाकडे धरून वाचिला, आणि पुन्हा वाचिला, आणि मग हसू लागले.

"शेटजी, जिलब्या मागवा," रुद्राजीपंत बोलिले.

"जिलब्या कसल्या? कोठी बुडाली की माझी!"

"आजवर नदी निळी झाली की लोक कोणाला शिव्या देत?"

"मला."

"आणि आता कोणाला देतील?"

अंतोबाशेटांचा चेहरा उजळला. "जाबदाराला!"

"तर मग? फक्त जाबदार असा हवा की, त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील. लबाड माणूस उपयोगाचा नाही. लबाड आपल्याकडे पुष्कळ आहेत."

मग जिलब्या आल्या.

आता मोरीच्या वरच्या अंगास नदीकाठी महादेवाचे देऊळ होते आणि तेथे धाकोजी गुरव पूजेस असे. हा धाकोजी रोज पहाटे धोतर खोचून नदीत उतरे, आपले हाताने घागर भरी आणि देवाच्या पिंडीवर ओती. दुसऱ्याने भरलेले पाणी त्याने देवास कधी वाहिले नाही. ताप आला तरी थरथरत जाई, आणि लोक म्हणत, अरे, कोणास सांग भरावयास, तर म्हणे, देव विचारील कोणी भरले, तेव्हां काय सांगू? स्वभावाने भोळा, थोडा मानाचा भुकेला, वाटेने जाता कोणी उठून उभे राहिले तर दिवसभर खूष असे. परंतु खोटे बोलणे त्याचे तोंडास ठाऊक नव्हते. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने शेजाऱ्याचा बांध कोरला, तेव्हां पंचांपुढे याने मेव्हण्याविरुद्ध साक्ष दिली, आणि बहीण सगुणाबाई बरेच दिवस त्याजशी अबोला धरून होती. परंतु बहिणीचा राग तो किती टिकावयाचा? मेव्हणा पुढे वारला, आणि सगुणाबाई आपली एकुलती लेक चंद्रा हिजसह मोरीच्या खालच्या अंगास डोहाच्या वाडीत राही. वाडीस नदी दारात, परंतु पाणी प्यावयाचे नाही. चंद्रा रोज डोंगर चढून झऱ्यावरून हंडे आणी, आणि तिचे लग्नाचे वय तसेच डोंगर चढण्यात चालिले होते. रुद्राजीपंतांची नजर धाकोजीवर गेली, आणि बोलावणे आले, तेव्हां धाकोजी प्रथम बहिणीकडे विचारावयास गेला. सगुणाबाई म्हणाली, "दादा, घे तो मान. माझी चंद्रा डोंगर चढून चढून अर्धी झाली. तू तिथं बसलास तर नदी निवळंल. तू काय त्यांना ऐकून घ्यायचा न्हाईस." चंद्रा चुलीपाशी होती, ती हसून बोलली, "मामा पालखीतनं येणार! मग मी हंडा घेऊन पालखीम्होरं उभी ऱ्हाईन." इतुके ऐकून धाकोजीचा निश्चय जाहला.

मग दरबार भरला. त्या राज्याची चाल ऐसी की, जोखमीचे काम असले म्हणजे रुप्याच्या तबकात विडा ठेवीत, आणि जो विडा उचलून चावी त्याजवर ते काम बसे. चावलेला विडा थुंकता येत नसे, आणि काम आपण होऊन सोडता येत नसे. तबक फिरू लागले तेव्हां कोणी सरदार छताची नक्षी पाहू लागला, कोणास शिंक आली, कोणी जोड्याची वादी नीट करावयास बसला. तबक धाकोजीपुढे आले, आणि त्याने महादेवाचे नाव घेऊन विडा उचलून तोंडात घातला. सभेने सुटकेचा श्वास टाकिला, त्यास तो धन्यवाद समजला. महाराज संतोषून बोलिले, "धाकोजीराव, नदी आता तुमच्या हवाली," आणि निळी पगडी, शेला आणि पालखी बहाल केली. धाकोजीचे डोळे भरून आले. नदी हवाली जाहली ऐसे त्यास खरेच वाटले. कायद्यात तसे कोठे लिहिले नव्हते, हे रुद्राजीपंतांखेरीज कोणी पाहिले नव्हते.

देवाची घागर चुलतभावाकडे गेली आणि धाकोजीराव कोठीच्या ओसरीवर गादीवर बसू लागले. प्रथम त्यांनी मोरी पाहावयास मागितली. रुद्राजीपंत म्हणाले, "अवश्य दाखवू. तूर्त सरबत घ्यावे." दुसरे वेळी म्हणाले, "ऊन फार आहे," आणि पुढे म्हणाले, "जाबदारांनी मोरीपाशी जाणे शोभत नाही, त्यासाठी आम्ही अहवाल करवितो," आणि सोनेरी वेलबुट्टीचा अहवाल त्यांजपुढे मोठ्याने वाचला जाऊ लागला की, कोठीस नदी मातेसमान आहे, आणि कोठी मातेची काळजी वाहते. धाकोजीरावांस वाचता येत असे, परंतु ऐकण्यात अधिक गोडी वाटे. वाटेने पालखी जाता लोक उठून उभे राहत, आणि त्यांचे मन त्यातच रमू लागले. इकडे पंतांनी एक पूड आणविली. ती मोरीत टाकिली म्हणजे रंग तळाशी बसे आणि पाणी दिसावयास निर्मळ होई. विष होते तेथेच होते. "लोकांस रंग दिसतो," पंत शेटजींस म्हणाले, "तेवढा काढला की पुरे." भाद्रपदात नदी निवळू लागली, आश्विन लागता तळचे गोटे दिसू लागले, आणि सगुणाबाईने देवापुढे साखर ठेविली.

मग दसरा आला. कोठीखालच्या घाटावर मांडव घातला, आंब्याची तोरणे लाविली, चौघडा बसविला, आणि डोहाच्या वाडीची माणसे नव्या कपड्यांनी आली. सगुणाबाई आणि चंद्रा सर्वांपुढे उभ्या. धाकोजीराव पालखीतून उतरले आणि जन्माच्या सवयीने धोतर खोचून पाण्याकडे निघाले, तो कोठीच्या चोपदाराने कोपर धरिले. "राव, हे काय? मानकऱ्याने वाकून पाणी भरायचे? दहा मुलखांतले पाहुणे पाहताहेत." आणि रुप्याचा लोटा, वर भरजरी रुमाल झाकलेला, हाती दिला. धाकोजीराव थबकले, मांडवाकडे पाहिले, सगळे उठून उभे होते. आणि मग ते ताठ जाहले आणि लोटा तोंडास लाविला. पाणी गार होते आणि उंबराच्या मुळ्यांची किंचित चव होती, देवळाच्या घाटावर असते तैशीच. ती चव ओळखून धाकोजीरावांचा ऊर भरून आला. ते समजले की, नदी वरपासून खालपर्यंत एक जाहली, आपण विडा उचलला त्याचे चीज जाहले. अरे धाकोजी, ती चव तुझ्याच घाटाची होती, कारण ते पाणी तुझ्याच घाटावरून भरून आणिले होते! ज्या हातांनी जन्मभर देवाची घागर भरलीस, ते हात त्या एका दिवशी कमरेवर ठेवून उभा राहिलास. परंतु ते समयी त्यास सांगणार कोण? त्याने हात उंच करून म्हटले, "गोड आहे," आणि चौघडा वाजला, आणि सगुणाबाई पदराने डोळे पुसू लागली, आणि अंतोबाशेटांनी सोने वाटले, म्हणजे आपट्याची पाने.

पुढे कार्तिकात भाऊबीज आली आणि धाकोजीराव ओवाळणी घेऊन वाडीस गेले. पालखी दारात उतरली, परंतु पुढे हंडा घेऊन कोणी उभे नव्हते. सगुणाबाईने उंबऱ्यावर पायांवर पाणी घातले आणि प्यावयास तांब्या दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडे जाहले.

"सगुणे, हे पाणी कुठलं?"

"नदीचं. दसऱ्यापासनं तेच पितो आम्ही समदी."

"अगं, कडू आहे की हे!"

"आम्हालाबी लागलं तसं," सगुणाबाई म्हणाली. "पर तू गोड म्हणला होतास. म्हटलं, दादा खोटं बोलायचा न्हाई, आपल्याच जिभंला काय तरी झालं आसंल."

आतल्या खोलीत चंद्रा घोंगडीवर पडली होती, पोटात आग, नखे निळी. ती मामाकडे पाहून हसावयास गेली आणि तिला उलटी जाहली. धाकोजीराव ओवाळून न घेताच उठले, पालखी तेथेच सोडिली, आणि म्हातारा माणूस शेला सावरीत रानातून धावत कोठीवर गेला. वाटेत शेला बाभळीस अडकला तो तसाच राहिला. रुद्राजीपंत फराळ करीत बसले होते.

"मोरी बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"कोणाच्या हुकुमाने?"

"माझ्या. मी जाबदार आहे."

"निःसंशय," पंत शांतपणे बोलिले. "जाब देणारे आपण, हुकूम देणारे शेटजी. कायद्यात ही कामे वेगळी ठेवली आहेत. करंजी घ्यावी."

"मग मी गावोगाव फिरून सांगतो, पाणी कडू आहे!"

"सांगावे की. परंतु कायदा दसऱ्याच्या शब्दाचा आहे. कार्तिकात आपण जे बोलाल ते आपले खाजगी बोलणे झाले."

"तर ही पगडी परत घ्या."

"पगडी घेऊ हो. विडा कसा घेणार? तो तर आपण चावून गिळलात."

हे ऐकून धाकोजीराव बाहेर पडले आणि नदीकाठचे धोंडे उचलून मोरीच्या तोंडात भरू लागले. बोटे फुटली, पगडी चिखलात पडली, आणि अर्धी मोरी बुजली, तो कोठीचे पहारेकरी आले आणि त्यांनी दंड धरून बाजूस नेले, आणि आरोपपत्रात पुढे एक कलम वाढले की, जाबदाराने कोठीच्या मालमत्तेस धक्का लाविला. मग ते वाडीत घरोघर गेले आणि हात जोडून म्हणाले, "पिऊ नका, मी चुकलो." काहींनी ऐकिले, काही म्हणाले, दसऱ्याला एक आणि आज एक, कोणते खरे धरावे? धडधाकट होते ते पुन्हा डोंगर चढू लागले. चंद्रा उठली नाही. मार्गशीर्षात ती गेली, आणि वाडीतील आणखी माणसे गेली, त्यांत तान्ही मुले होती. लिहिताना हात थांबतो, परंतु बखरकारास थांबून चालत नाही.

मग राज्यात गिल्ला जाहला आणि दर्यापारहून खलिता आला की, कापडात रडू ऐकू येते. महाराजांस परम दुःख जाहले आणि ते गर्जून बोलिले, "आम्ही कायदा केला आहे तो कशासाठी? जो जबाबदार असेल त्यास सोडणार नाही!" लोकांनी जयजयकार केला. माघात दरबार भरला आणि धाकोजी गुरवास दोरीने बांधून आणिले. अंतोबाशेट पांढरी वस्त्रे नेसून आले होते आणि उपरण्याने डोळे टिपीत म्हणत होते की, आम्ही व्यापारी माणसे, आम्ही यांच्या शब्दावर विसंबलो. मग साक्षीस सगुणाबाईस पुढे केले. ती काखेत घागर घेऊन आली होती, ती तिने खाली ठेविली नाही.

न्यायाधीशांनी विचारिले, "बाई, नदीचे पाणी पिण्यास तुम्हांस कोणी सांगितले?"

सगुणाबाईने कोठीवाल्यांकडे पाहिले, भावाकडे पाहिले. खोटे बोलण्याची सवय त्या घरात कोणासच नव्हती. "दादानं," ती म्हणाली.

"म्हणजे आरोपीने. लिहून घ्या."

"पर महाराज, त्याला ज्यांनी पाजलं त्यांना बी इचारा की! ही घागर डोहाच्या वाडीची हाय. हितं कुणीतरी पिऊन दावा. शेट, तुम्ही प्या. एक घोट."

अंतोबाशेट पंतांकडे पाहू लागले, आणि पंत म्हणाले की, कायद्यात पाणी पिणारे तोंड एकच नेमले आहे. तेव्हां धाकोजी बोलला, "माझं तोंड आहे ना ते? मग मला द्या." हात बांधलेले, सबब सगुणाबाईने घागर त्याचे तोंडास लाविली, आणि तो पीत गेला, थांबेना, पाणी हनुवटीवरून दोरीवर सांडू लागले, आणि सगुणाबाईच म्हणाली, "बास, दादा, बास." मग त्याने मान वर करून ऐसा मोठा शब्द केला की, वेशीबाहेरचे लोक आत धावले. "कडू आहे! महाराज, कडू आहे! लावा कोठीला कुलूप!" सभा उठून उभी राहिली. अंतोबाशेटांचा चेहरा कोऱ्या कापडासारखा जाहला, आणि क्षणभर ऐसे वाटले की, या राज्यात काही घडणार. इतक्यात रुद्राजीपंतांनी मुजरा केला आणि अर्ज केला की, आरोपीची पगडी आज सकाळीच उतरली असून कोठीने नवे जाबदार नेमिले आहेत, शेजारचे गावचे एक कीर्तनकार बुवा, फार सच्चा माणूस, मुंगीसही न दुखविणारा; तरी हा शब्द जाबदाराचा नव्हे, आणि आज दसराही नव्हे. न्यायाधीशांनी कायदा पाहिला. कायदा पंतांच्या बाजूने होता. ते बोलिले, "शब्द खाजगी आहे," आणि सभा पुन्हा खाली बसली.

शिक्षा ऐसी जाहली की, जाबदाराचे तोंड निळ्या रंगाने माखून गाढवावर उलटे बसवून शहरातून धिंड काढावी, म्हणजे जबाबदारी कशास म्हणतात ते लोकांस कळेल. रंग कोठीने फुकट पुरविला आणि त्याची नोंद अहवालात धर्मादाय म्हणून जाहली. ज्या लोकांनी पालखीस उठून उभे राहून मान दिला होता, ते धिंडीसही उठूनच उभे राहिले, मागच्यांस नीट दिसावे म्हणून. संध्याकाळी धाकोजीस वेशीबाहेर सोडिले. तो देवळाकडे गेला नाही. ऐसे तोंड घेऊन देवापुढे जाववेना. तो वाडीस बहिणीच्या दारात जाऊन बसला. सगुणाबाई आता स्वतः डोंगर चढून पाणी आणीत असे. तिने झऱ्याच्या पाण्याने भावाचे तोंड धुतले, राखेने घासले, पुन्हा धुतले. कोठीची फुशारकी होती की, आमचा रंग कापड फाटले तरी जात नाही. ती खरी निघाली. मग तिने तांब्या पुढे केला.

"कुणी भरलं?" धाकोजीने विचारिले.

"मीच. पी."

तो प्यायला आणि तांब्या खाली ठेवून काही सांगावयास तोंड उघडू लागला. सगुणाबाईने त्याच्या ओठांवर हात ठेविला.

"बोलू नगंस, दादा," ती म्हणाली. "तू बोललास की आता मला भ्या वाटतं."

धाकोजी त्यानंतर जगला तितुके दिवस कोणत्याही पाण्यास बरे की वाईट म्हणाला नाही.

तात्पर्य हकिकत इतुकीच. लिहिणाऱ्याचे नाव पुसू नये. पुसल्यास जाब देण्यास त्यानेही एक माणूस नेमिला आहे. दर्यापारच्या राजांस कळले की आमचे राज्यात जबाबदारास शिक्षा होते, तेव्हां त्यांची रुखरुख गेली आणि कापडास मागणी वाढली. अंतोबाशेटांस शालजोडी मिळाली. आजूबाजूच्या राज्यांनी माणसे धाडून कायदा उतरवून नेला, आणि सांप्रत सच्च्या माणसांस सर्वत्र मोठी मागणी आहे. पुढील साली, प्लवंगनाम संवत्सरे, दसऱ्यास कीर्तनकार बुवा पालखीतून घाटावर उतरले, आणि चोपदाराने रुमाल झाकलेला लोटा पुढे केला, आणि बुवा प्यायले. पाणी गोड निघाले.